बसल्या जागी धावणारा शब्द

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचे एक संपादक पीटर गिलिव्हर यांनी एकाच शब्दासाठी नऊ महिने खर्ची घातले. शब्द तीन अक्षरांचा. आर, यू, एन. रन. दुसरी-तिसरीतल्या पोरालाही तो येतो. येतो म्हणजे, ‘रन म्हणजे पळणे’ एवढं त्याने घोकलेलं असतं आणि यापुढे या शब्दाचा आपल्याला काही त्रास होणार नाही, अशी त्या बिचाऱ्याची समजूत असते. गिलिव्हरांचे नऊ महिने भरले तेव्हा जन्माला आले ते या क्रियापदाचे ६४५ अर्थ. नाम म्हणून ‘रन’ जे काही उद्योग करतो, त्यांचा हिशोब वेगळा.

२०११ साली हा आकडा बाहेर आला आणि इंग्रजीत सत्तांतर झालं. तोवर सर्वाधिक अर्थांची गादी ‘सेट’कडे होती. कोशाच्या १९८९ च्या वीस खंडी आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचे ४३० अर्थ होते आणि प्रश्नमंजूषेत या प्रश्नाचं ते ठरलेलं उत्तर असायचं. ज्यांनी ते पाठ केलं होतं त्यांची पंचाईत झाली.

तसं या कोशाच्या घराण्यात घाईला फारसा मान नाही. १८७९ मध्ये जेम्स मरे यांच्याकडे काम आलं तेव्हा दहा वर्षांत उरकेल असा अंदाज होता. पाच वर्षांनी, १८८४ साली, पहिला भाग छापून निघाला तो ‘ए’पासून ‘अँट’पर्यंतचा. मुंगीच्या पावलाने मुंगीपर्यंत! अख्खा कोश पुरा झाला १९२८ साली; मरे त्याआधी तेरा वर्षं वारले होते. अशा घरात एका शब्दाला नऊ महिने म्हणजे वेगच म्हणायचा.

कोशकारांच्या गोष्टी रंगवून सांगणारे लेखक सायमन विंचेस्टर यांनी या सत्तांतरावर न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेखच लिहिला. त्यांच्या मते ‘सेट’ हा जुन्या, बैठ्या काळाचा शब्द आणि ‘रन’ हा यंत्रांच्या, धावपळीच्या काळाचा. आगगाड्या आल्या, गिरण्या आल्या, संगणक आले आणि प्रत्येकाने येताना ‘रन’ला एकेक नवं काम आणलं.

मत चटकदार आहे. पण ६४५ अर्थांची ती जत्रा जवळून पाहिली, तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. यात पळत फारसं कुणीच नाही. इंग्रजीत हॉटेल ‘रन’ करणारा माणूस सकाळपासून गल्ल्यावर बसलेला असतो. कुंपण शेताच्या कडेने ‘रन’ होतं आणि घातल्या दिवसापासून तसूभर हललेलं नसतं. भाडेकरार पाच वर्षं ‘रन’ होतो, म्हणजे कपाटातल्या फायलीत पडून असतो. टक्कल घराण्यात ‘रन’ होतं. ताप आला की अमेरिकन माणूस तापमान ‘रन’ करतो, तेही पांघरूण डोक्यावरून घेऊन. कोंबड्यांसाठी जाळी मारून केलेलं आवार म्हणजे ‘चिकन रन’, आणि ते मुळात कोंबड्यांनी पळू नये म्हणूनच केलेलं असतं. २००० साली याच नावाचा चित्रपट आला, त्यातल्या कोंबड्यांची सगळी धडपड या ‘रन’मधून ‘रन’ करण्याची होती.

अमेरिकेत मोज्याचा एक धागा सुटून रेघ वर सरकली की मोज्याला ‘रन’ पडतो. इंग्लंडात त्याच रेघेला ‘लॅडर’ म्हणतात, शिडी. १९४० च्या मे महिन्यात नायलॉनचे मोजे अमेरिकाभर विक्रीला आले आणि बायकांनी त्यांच्यासाठी रांगा लावल्या. त्या रांगेत उभ्या असलेल्या एकीलाही ठाऊक नसेल, की आपण पैसे मोजून एक नवी धाव विकत घेतो आहोत.

या शब्दाचा दोष मात्र म्हणावा तेवढा नाही. त्याच्या मुळातच पायांइतकं पाणी आहे. जर्मन भाषेत आजही ‘रेनन’ म्हणजे पळणं आणि ‘रिनन’ म्हणजे झिरपणं, ओघळणं. दोघं सख्खे भाऊ. इंग्रजीत ते एकाच घरात राहिले. त्यामुळे नदी ‘रन’ होते, नळ ‘रन’ होतो, सर्दीत नाक ‘रन’ होतं, हे कुणा कवीचं काम नाही. ते त्या घराण्याचं वतन आहे. चीज करताना दूध फाडायला वापरतात ते ‘रेनेट’ही याच गोत्रातलं मानलं जातं, कारण त्याच्यामुळे दूध एकत्र ‘रन’ होतं. मराठीत मात्र दूध फाटतं, नासतं, फार तर विरजलं जातं. दुधाला पळवणं कुणाला सुचलं नाही. उतू जातं तेव्हा पळतो तो माणूस.

रंगाचंही तसंच. धुण्यात रंग गेला की इंग्रजीत तो ‘रन’ झाला. आपल्याकडे तो नुसता ‘जातो’, आणि ज्या दुकानदाराने ‘रंगाची गॅरंटी’ दिलेली असते तोही सोयीस्करपणे जेवायला गेलेला असतो. १९६० च्या दशकात अमेरिकेत मद्रासच्या चौकड्यांच्या कापडाची चलती झाली तेव्हा तिथल्या विक्रेत्यांनी यावर कडी केली. प्रत्येक धुण्यात रंग उतरणार, चौकड्या एकमेकींत मिसळणार, हाच या कापडाचा अस्सलपणा, असं सांगून त्यांनी ते खपवलं. लक्ष्मी रोडवरच्या एखाद्या दुकानदाराला ही युक्ती वेळेवर कळली असती, तर कितीतरी भांडणं टळली असती.

‘रन’चा सर्वांत स्थिर अवतार पाहायचा असेल तर बँकेच्या दारात जावं. ठेवीदारांचा विश्वास उडाला आणि सगळे एकदम पैसे काढायला आले की इंग्रजीत त्याला बँकेवरचा ‘रन’ म्हणतात. सप्टेंबर २००७ मध्ये इंग्लंडात नॉर्दर्न रॉक या बँकेवर असा ‘रन’ झाला. त्याची छायाचित्रं जगभर छापून आली. त्यात माणसं पदपथावर शिस्तीत रांग लावून उभी आहेत. पुढे तेही कष्ट राहिले नाहीत. ९ मार्च २०२३ या एका दिवसात अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून ग्राहकांनी ४२ अब्ज डॉलर काढून घेण्याची मागणी केली, ती बहुतांशी फोनवरून आणि संगणकावरून. दुसऱ्या दिवशी बँक बंद. एवढी मोठी धाव आणि कोचावरून कुणी उठलं नाही.

याच ओळीत निवडणूक येते. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, पळतो. त्याच्या जोडीला उपाध्यक्षपदाचा उमेदवार असतो तो ‘रनिंग मेट’. हा शब्द घोड्यांच्या शर्यतीतून आला, एकाच तबेल्यातला दुसरा घोडा. शर्यतीत मागे पडलेल्यांना ‘ऑल्सो रॅन’ म्हणतात, हेही घोड्यांच्याच निकालपत्रातलं. इंग्लंडात मात्र उमेदवार ‘स्टँड’ करतो, उभा राहतो. महाराष्ट्रातही तो उभा राहतो, पण आपल्याकडची व्यवस्था दोघांहून पक्की आहे. आपल्याकडे बंडखोर उभा राहिला की पक्षातले वडीलधारे रात्री त्याच्या घरी जातात आणि त्याला ‘बसवतात’. जो बसत नाही तो ‘पडतो’, किंवा उभा राहून दुसऱ्याला ‘पाडतो’. उभं राहणं, बसणं, पडणं, पाडणं. अवघी लोकशाही चार हातांच्या चौकात उरकते. पळणं येतं ते निकालानंतर, आमदारांना दुसऱ्या राज्यातल्या रिसॉर्टवर न्यायचं असतं तेव्हा. पण तिथेही ते स्वतः पळत नाहीत, त्यांना ‘पळवतात’.

‘रन’शी मराठी माणसाचा खरा जिव्हाळा अर्थात क्रिकेटमधून.

अठराव्या शतकात इंग्लंडातल्या खेड्यांत क्रिकेट खेळत तेव्हा गुण मोजणारा माणूस हातात काठी घेऊन बसायचा आणि प्रत्येक धावेला काठीवर चाकूने एक खाच पाडायचा. म्हणून धावेला तेव्हा ‘नॉच’, म्हणजे खाचच म्हणत. पुढे काठी गेली, कागद आला आणि ‘रन’ रुळला. बावीस यार्डांची खेळपट्टी दोघा फलंदाजांनी एकमेकांना ओलांडून पार केली की एक. इथवर शब्द प्रामाणिक होता. मग सीमारेषा आली. चेंडू सीमेपार गेला की चार किंवा सहा ‘रन’, आणि त्यासाठी पळायचं नाही. उलट जो न पळता सर्वांत जास्त ‘रन’ काढतो त्याच्यावर लोक जीव ओवाळून टाकतात. वाइडचा ‘रन’ तर गोलंदाज स्वतःच्या हाताने देतो. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात; फलंदाजाची धाव कुंपणापर्यंत गेली की त्याला धावावंच लागत नाही.

मराठीने या ‘रन’चं ‘धाव’ केलं. आकाशवाणीवरच्या मराठी समालोचनातून, बाळ ज. पंडितांसारख्यांच्या आवाजातून धावसंख्या, धावफलक, धावबाद हे शब्द माजघरापर्यंत पोचले. भाषांतर चोख आहे. मात्र त्यात एक गंमत राहून गेली. मराठीत ‘धावा’ हा शब्द आधीच दुसऱ्या कामावर होता: संकटात देवाला मारलेली हाक म्हणजे धावा. त्यामुळे शेवटच्या षटकात पंधरा धावा हव्या असतात, तेव्हा मैदानात दोघं जण आणि घराघरात काही कोटी, असे सगळेच एकदम धावा करू लागतात. देव कुणाच्या धावांची नोंद ठेवतो हे निकालावरून कळतं.

पळून काढलेल्या धावांची सर्वांत हळहळ लावणारी कथा पुण्याची आहे. डिसेंबर १९४८, पूना क्लबचं मैदान, रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद. प्रथम श्रेणीतला तेव्हाचा विक्रम डॉन ब्रॅडमन यांचा, १९३० साली सिडनीत केलेल्या नाबाद ४५२ धावांचा. बरोबरीला नऊ धावा उरल्या होत्या. महाराष्ट्राचा फलक ४ बाद ८२६. काठियावाडचे कर्णधार होते राजकोटचे ठाकोरसाहेब. आपल्या संघाविरुद्ध असला विक्रम इतिहासात लागू नये, म्हणून त्यांनी सामनाच सोडून दिला आणि संघ घेऊन निघून गेले. निंबाळकर धावा पळून काढायला तयार होते. पळून गेला तो समोरचा संघ. इंग्रजीत या दोन्ही क्रियांना ‘रन’च लागतं, हे त्या दिवशी पुण्यात कुणाला सुचलं असेल तर त्याने ते मोठ्याने म्हटलं नसावं. निंबाळकरांना पुढे भारताकडून एकही कसोटी खेळायला मिळाली नाही.

दुसरी कथा जोहान्सबर्गची. इंग्रजीत ‘द रन्स’ म्हणजे जुलाब, सभ्य माणसं हळू आवाजात म्हणतात तो अर्थ. २००३ च्या विश्वचषकात श्रीलंकेविरुद्ध सचिन तेंडुलकर ९७ धावा करून गेले. त्या दिवशी पोट पार बिघडलेलं होतं आणि आतल्या कपड्यांत टिश्यू पेपर ठेवून आपण फलंदाजी केली, हे त्यांनीच पुढे आत्मचरित्रात सांगितलं. एकाच माणसाने, एकाच खेळपट्टीवर, दोन्ही अर्थांचे ‘रन्स’ एकाच वेळी सांभाळल्याची दुसरी नोंद सापडणं कठीण आहे. शतकाला तीन कमी पडले यावर त्या दिवशी हळहळणाऱ्यांना आतली बाजू ठाऊक नव्हती.

जखमी फलंदाजासाठी दुसऱ्याने पळायचं, तो ‘रनर’. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये ज्याची बॅट असेल त्याला रनर हक्काने मिळे. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून ही सोय २०११ साली काढून टाकण्यात आली. म्हणजे ज्या वर्षी कोशाने ‘रन’ला राज्याभिषेक केला, त्याच वर्षी क्रिकेटने त्याच्या एका नातेवाइकाला नोकरीवरून काढलं.

आता असा हा शब्द शिकायचा कसा? तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्यांनी इंग्रजी पक्कं केलं, त्यांनी नियम पाठ केले आणि अपवाद पाठ केले. ‘रन’ला नियमही नाही नि अपवादही नाही, त्याच्यापुढे जे चिमुकलं अव्यय येईल त्याच्या मर्जीवर सगळं. बाजारात मित्राशी ‘रन इन्टू’ झालं तर अचानक भेट झाली. ‘रन ओव्हर’ झालं तर मित्र गाडीखाली आला. क्लासमधल्या मुलाने या दोहोंत गल्लत केली तर वाक्य व्याकरणाने शुद्ध राहतं, फक्त पोलीस येतात. ‘रन डाऊन’ म्हणजे मोडकळीला आलेलं, ‘रन अप’ म्हणजे गोलंदाजाने घेतलेली धाव, किंवा वाढवून ठेवलेली उधारी, किंवा घाईत मशीनवर मारलेला झगा. आणि ‘रन आउट’ म्हणजे आपल्या लेखी बाद होणं. इंग्रजी घरात मात्र दूधही ‘रन आउट’ होतं आणि मग कुणाला तरी दुकानात पळावं लागतं. तेवढीच त्या वाक्यातली खरी धाव.

यावर मराठीने काढलेला तोडगा पाहण्यासारखा आहे. इंग्रजाने जे जे पळवलं, ते ते मराठी माणसाने चालवलं. तो दुकान ‘रन’ करतो, आपण चालवतो. तो शाळा, वर्तमानपत्र, सरकार ‘रन’ करतो. आपणही हे सगळं चालवतो, जमेल तसं. त्याचं नाटक शंभर प्रयोग ‘रन’ होतं, आपलं चालतं. यंत्र चालतं, खटला चालतो, नाणं चालतं, डोकं चालतं, तोंड तर चालतंच. उपासाला साबुदाणा चालतो. ‘रनिंग अकाउंट’ म्हणजे आपलं चालू खातं. पंखा चालू, महिना चालू आणि माणूसही चालू. यातला तिसरा भेटला की खिसा सांभाळावा. आणि ‘चालेल’ या एका शब्दावर तर मुलीच्या स्थळापासून घराच्या रंगापर्यंत सगळे व्यवहार पार पडतात. काम तेच, वेग निम्मा. आपल्याला कुठे घाई आहे?

असं सगळं आपल्याजवळ असताना ‘रनिंग’ घ्यायची गरज नव्हती. तरी ते घेतलंच, आणि कारागिरांनी घेतलं. सुताराला किंवा रेलिंगवाल्याला भाव विचारला की तो सांगतो, ‘रनिंग फुटावर आहे साहेब.’ म्हणजे रुंदी-उंची सोडा, नुसती लांबी मोजायची. किचनचा ओटा भिंतीत पक्का बसवलेला असतो, पण त्याचं बिल रनिंग असतं. मोटार गुंडाळणारा सांगतो, की स्टार्टिंग ठीक आहे, रनिंगची वाइंडिंग जळली. ठेकेदाराचं ‘रनिंग बिल’ म्हणजे काम अर्धं झालं असताना मागितलेले पैसे. ते सरकारी कचेरीत एका टेबलावर जे ठाण मांडून बसतं ते मार्चअखेरपर्यंत हलत नाही.

रेल्वेत तर या शब्दाचं स्वतंत्र संस्थान आहे. गाडी हाकणारे आणि गार्ड म्हणजे ‘रनिंग स्टाफ’, त्यांचा भत्ता तो ‘रनिंग अलाउन्स’, आणि ड्यूटी संपल्यावर ते जिथे जेवून झोपतात ती ‘रनिंग रूम’. मुंबईत फलाटावर पोरगा मित्राला अभिमानाने सांगतो, ‘रनिंगमध्ये पकडली.’ गाडी चालती असते, पोरगा धावता असतो आणि ‘रनिंग’ नक्की कुणाचं हे वर चढल्यावर ठरतं. ध्वनिक्षेपकावरचं मराठी मात्र फार शुद्ध: ‘गाडी वीस मिनिटं उशिराने धावत आहे.’ ऐकणाऱ्यांना ती दोन स्टेशनांमधल्या सिग्नलला उभी असलेली दिसत असते. वेळेवर आलेली गाडी नुसती ‘येते’. धावण्याचा मान उशीर झालेल्या गाडीलाच.

गॅरेजात आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात ‘रनिंग’ म्हणजे गाडीचे आजवरचे किलोमीटर. ‘रनिंग किती झालंय?’ हा तिथला पहिला प्रश्न, आणि उत्तर जितकं लहान तितकी किंमत मोठी. सर्वांत महाग ती गाडी, जी कुठेच गेलेली नाही. विकणाऱ्याला हे चांगलं ठाऊक असतं. तो मीटरवर जुन्या फडक्याचा एक हात फिरवतो, आवाज खाली आणतो आणि म्हणतो, ‘डॉक्टरांची गाडी आहे साहेब. घर ते दवाखाना. दवाखाना खालीच होता.’